बॅटरीतला वायू आणि अप्पांचा डोळा

सात रस्त्याच्या पुढं, एका गल्लीच्या तोंडाशी माझ्या वडिलांचं बॅटरीचं दुकान होतं. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. दुकान कसलं, एक अरुंद गाळा. ट्रक, ट्रॅक्टर, रिक्षा, सगळ्यांच्या उतरलेल्या बॅटऱ्या तिथं यायच्या आणि फळीवर ओळीनं चार्जिंगला लागायच्या. वरची बुचं काढून ठेवलेली असायची आणि आत बारीक बुडबुडे येत राहायचे. लहानपणी मी विचारलं होतं, हे पाणी उकळतंय का? अप्पा म्हणाले, "उकळत नाही, फुटतंय."

पाणी फुटतं म्हणजे काय, हे मला कॉलेजात कळलं. त्यातून वीज गेली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात. बॅटरीतलं अ‍ॅसिड म्हणजे पाण्यात मिसळलेलं सल्फ्युरिक आम्ल. त्याची जळजळही हायड्रोजनमुळंच. दह्याचा, चिंचेचा, लिंबाचा आंबटपणाही त्याचाच. रात्री जेवताना मी हे सांगत बसायची आणि अप्पा भाकरीबरोबर शेंगाचटणी-दही खात मन लावून ऐकायचे. सातवीपर्यंत शिकलेला माणूस. ते 'हैड्रोजन' म्हणायचे आणि दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला कौतुकानं सांगायचे, आमच्या पोरीला सगळं ठाऊक आहे.

बारावीला होते तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्याचे दिवस, दुपारची वेळ. मी डबा घेऊन दुकानात गेले होते. टेंभुर्णीकडचा एक ट्रक ड्रायव्हर बॅटरी चार्जिंगला लावून बसला होता. गाडीत डाळिंबं भरलेली, बाहेर ऊन मी म्हणत होतं. तो सारखा उठून बाहेर बघून यायचा. अप्पा त्याला म्हणाले, अजून थोडा वेळ लागेल, आणि बॅटरी किती भरली ते बघायला तिच्यावर वाकले. त्याला वाटलं, झालं असेल. त्यानं पुढं होऊन चार्जरचा चिमटा ओढला. बटण चालूच होतं.

एक ठिणगी उडाली. मग आवाज झाला, मोठा फटाका बंद डब्यात फुटावा तसा. बॅटरीचं झाकण फुटून आढ्याला लागलं. अप्पा दोन्ही हातांनी तोंड धरून खाली बसले होते आणि आपल्या मायबोलीत, कानडीत, "नीरु, नीरु" म्हणत होते. पाणी, पाणी.

पाण्याचं पिंप माझ्यापासून चार पावलांवर होतं. मी पाण्याचा मग भरून घेतला आणि तिथंच थांबले. आदल्याच आठवड्यात सरांनी वर्गात बजावलं होतं, आम्लात पाणी कधीही ओतायचं नाही, ते उसळून अंगावर येतं. मला तेवढंच आठवलं. मग दुसरं आठवलं. आम्लावर सोडा टाकला की आम्ल मरतं. हातातला भरलेला मग तसाच खाली ठेवून मी समोरच्या चहाच्या गाड्याकडं पळाले, खायचा सोडा मागायला.

सोड्याची पुडी घेऊन परत आले, तेव्हा शेजारचे रेडिएटरवाले चाचा पोचले होते. त्यांनी अप्पांचं डोकं पिंपाच्या नळाखाली धरलं होतं आणि बोटांनी पापण्या उघडून धरल्या होत्या. ड्रायव्हर मागून अप्पांना आधार देऊन उभा होता. मी पुडी पुढं केली.

चाचा वर न बघता म्हणाले, "नको बेटी. पानीच चलने दे. दुसरा कुछ नको."

कितीतरी वेळ त्यांनी नळ बंद केला नाही. पिंप संपलं तेव्हा त्यांनी आपल्या दुकानातून पाइप ओढून आणला. मगच रिक्षा बोलावली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, लगेच पाणी मारलं ना? चाचा हो म्हणाले. उजवा डोळा वाचेल, डॉक्टर म्हणाले, डाव्याचं सांगता येत नाही. मी भीत भीत त्यांना सोड्याचं आणि आम्लात पाणी न ओतण्याच्या नियमाचं विचारलं. त्यांनी समजावलं की आम्ल आणि सोडा एकत्र आले की फसफसतात, उष्णता होते, आणि डोळ्यात ती परवडत नाही. पाण्याचा तो नियम बाटलीतल्या कडक आम्लासाठी आहे. अंगावर पडलं तर भरपूर पाणी, आणि तेही ताबडतोब. मी मान हलवली. मी किती वेळ घालवला होता, हे मी सांगितलं नाही.

पंधरा-वीस दिवसांनी अप्पा दुकानात बसायला लागले, डाव्या डोळ्यावर पट्टी बांधून. एक दिवस तो ड्रायव्हर आला. आत यायला तयार नव्हता, उंबऱ्यापाशीच उभा राहिला.

"मालक, माज्यामुळं झालं," तो म्हणाला. "हितं गॅस असतोय, ते मला म्हाईत न्हवतं."

"तुला माहीत नव्हतं, पण मला होतं की," अप्पा म्हणाले. "सांगायचं काम माझं. आत ये, बस."

मग मला म्हणाले, याला नीट सांग काय झालं ते. मी सांगितलं. चार्जिंगला लावल्यावर पाण्यातून हायड्रोजन सुटतो. तो सगळ्यांत हलका, वर झाकणाखाली साठतो. ठिणगी पडली की ऑक्सिजनला जाऊन मिळतो आणि आवाज होऊन पुन्हा त्याचं पाणीच होतं.

ड्रायव्हर फळीवरच्या बॅटऱ्यांकडं बघत म्हणाला, "म्हंजी पानीच फुटलं, आन् पानीच झालं?"

"व्हय," अप्पा म्हणाले, त्याच्याच बोलीत, आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसले.

तो गेल्यावर मला राहवलं नाही. मी अप्पांना सगळं सांगितलं, पाण्याचा मग खाली ठेवल्याचं, सोड्यासाठी पळाल्याचं. डावा डोळा कदाचित माझ्यामुळं गेला, असंही म्हणाले. अप्पांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग त्यांनी मला जवळ बसवलं.

"तू पळालीस ते मला वाचवायलाच ना?" ते म्हणाले. "अर्धं शिकली होतीस. आता पुरं शिक."

डावा डोळा पूर्ण आला नाही. त्यातून त्यांना उजेड कळतो, माणूस कळत नाही. मी त्याबद्दल अजूनही कधी कधी विचार करते, एखाद-दुसऱ्या मिनिटानं फरक पडला असता का. त्याचं उत्तर कुणाकडंच नाही, आणि अप्पांनी ते कधी मागितलं नाही.

आता मी एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. पहिल्याच प्रात्यक्षिकाच्या दिवशी, परीक्षानळीला हात लावण्याआधी, मी प्रत्येकाला नळापाशी नेते आणि डोळे कसे धुवायचे ते करायला लावते. मुलं हसतात. केस भिजतात म्हणून मुली कुरकुरतात. मी सगळ्यांचं होईपर्यंत थांबते.

अप्पांना भेटून गेलेला तो ड्रायव्हर त्यानंतरच्या फेरीला पुन्हा आला होता. वेल्डिंगवाले लावतात तसला मोठा चष्मा त्यानं अप्पांसाठी आणला होता. मी तसाच चष्मा घ्या म्हणून मागं लागले होते, तेव्हा अप्पा म्हणाले होते, गिऱ्हाईक हसतील. याचा मात्र त्यांनी मुकाट्यानं घेतला, डोळ्यांवर चढवला आणि त्याच्या बॅटरीचं पाणी बघायला उठले. उठता उठता त्यांनी आधी चार्जरचं बटण बंद केलं आणि ते बंद झालेलं त्याला दाखवलं.