चार वाजेपर्यंत

अकरा वर्षं ती बसस्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत बसली. काचेला एक हात जाईल एवढं भोक होतं आणि त्यातून दिवसभर तोच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी आत यायचा. गाडी कधी. गाडी कुठे लागते. गाडी गेली का. माहीत असेल ते ती सांगायची. माहीत नसेल तर फोन करून विचारायची आणि मग सांगायची. पुढे समोरच्या भिंतीवर एक फलक बसला, त्यावर लाल अक्षरं आपोआप पळू लागली, आणि खिडकीला आतून पुठ्ठा लावण्यात आला. एकेचाळिसाव्या वर्षी तिने तुरुंगाच्या महिला विभागात रक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला, कारण वयाची अट बेचाळीस होती.

निवडीचं पत्र आलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं मी या घरात फुकट कोंडून पडलेय. आता सून पगार घेऊन कोंडणार."

नवरा हसला नाही. डोळ्यांचं दुसरं ऑपरेशन फसल्यापासून तो बोलणाऱ्याच्या आवाजाकडे मान किंचित तिरकी करून बसायचा. त्याने विचारलं, "पक्की कधी करतात?"

"सहा महिन्यांनी. वरिष्ठांचा शेरा चांगला असला तर."

"मग सहा महिने कुणाच्या अध्यात नको आणि मध्यात नको."

भांडारातून मिळालेला गणवेश दोन मापं मोठा निघाला. मुलीने आरशासमोर तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "आई, तू यात उभी आहेस की टांगलेली आहेस?"

काम शिकवायला मोठ्या बाई होत्या. नोकरीची तेवीस वर्षं आणि दोन्ही गुडघे तिथेच खर्ची पडलेल्या. पहिल्याच सकाळी त्यांनी सांगितलं, की आतल्या रक्षकाकडे किल्ली नसते. आपल्याला आत सोडतात आणि बाहेरून कडी घालतात. काही झालंच तर शिट्टी वाजवायची आणि वाट बघायची. "त्यांच्यात आणि आपल्यात पगार सोडला तर फरक काय, हे मला अजून सापडलेलं नाही," असं म्हणून त्यांनी तिला शिट्टी दिली. ती कैद्यांना अहो-जाहो करते हे लक्षात आल्यावर त्या म्हणाल्या, "अगं, उद्या चहा घेता का म्हणून विचारशील." पण खिडकीत बसून लागलेली जिभेची सवय गेली नाही.

नवव्या दिवशी सकाळी साडेदहाला विभागाच्या दाराजवळचा फोन वाजला. मोठ्या बाई मोरीत गेल्या होत्या. तिने उचलला.

"माझी बहीण आहे तिथे," पलीकडचा पुरुष म्हणाला. "शिवणकामात. आमची आई गेली, सकाळी. चार वाजेपर्यंत थांबवतो सगळ्यांना. तिला एकदा बघू द्या. एवढं सांगाल ना?"

"सांगते," ती म्हणाली. अकरा वर्षं याच शब्दाने ती फोन ठेवत आली होती.

मोठ्या बाई ओले हात झटकत आल्या. सगळं ऐकून त्यांनी आधी एवढंच विचारलं, "कुणाला बोललीस?"

"अजून नाही."

"नशीब. वाईट बातमी साहेबांनी द्यायची, त्यांच्या खोलीत, शेजारी डॉक्टर उभा करून. नियम आहे तसा."

"साहेब कुठे आहेत?"

"बैठकीला, परगावी. संध्याकाळी उगवतील."

"चारला नेणार आहेत तिच्या आईला."

मोठ्या बाई खुर्चीत बसल्या, गुडघे चोळत राहिल्या. "दोन वर्षांपूर्वी आपल्यातल्या एकीने आतल्या एका पोरीला असंच सांगितलं होतं. मूल गेलं म्हणून. चांगल्या मनानेच सांगितलं. बाहेरून दार उघडेपर्यंत त्या पोरीने भिंतीवर डोकं फोडून घेतलं. पोरगी वाचली नाही, आणि सांगणारी आज घरी बसलीये. हा फोन वहीत लिही. लिही, पण आलेला नाही असं समज."

तिने लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

फोन करणाऱ्याच्या बहिणीला सगळे शिंपीण म्हणत. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, शिवणकामाच्या खोलीत तिचाच शब्द चालायचा. बारा मशीन, टेबलांना साखळीने बांधलेल्या कात्र्या, उंचावर एक झरोका. रक्षकांचे गणवेशही तिथेच शिवले जात.

दुपारी बारा वाजता रक्षकांना जेवणाची सुट्टी मिळाली तशी ती न जेवता कचेरीत गेली. कारकून सज्जन होता. त्याने डबा बाजूला सारला आणि फाइल काढली.

"होईल की," तो म्हणाला. "साहेब नसले तरी उपसाहेब फोनवर मंजुरी देतात. गाडीही उभी आहे आज. तासाभराचा रस्ता, तीनच्या आत निघालात तर पोचाल. अर्ज आणा."

"कुणाचा?"

"कैद्याचा. सहीनिशी."

"पण तिला तर सांगायचं नाही."

"छे, मुळीच सांगायचं नाही."

"मग ती अर्ज कशी करणार?"

कारकुनाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी नवीन होतो तेव्हा मीही हे विचारलं होतं," तो म्हणाला. "ज्यांना विचारलं ते पुढे निवृत्त झाले."

भावाचा अर्ज चालला असता, पण त्याने जातीने यायला हवं होतं. वहीतल्या नंबरावर कारकुनाने तीनदा फोन लावला. घंटा वाजत राहिली. अशा दिवशी फोन कोण उचलतं. मग तो डब्याचं झाकण लावत, तिच्याकडे न बघता म्हणाला, "खाली सही असलेला कागद आला, तर वरचा मजकूर मी टाइप करीन. आधी सही की आधी मजकूर, हे आजवर कुणी तपासलेलं नाही." आणि एक कोरा कागद त्याने तिच्यापुढे सरकवला.

ती परत आत आली तेव्हा एक वाजत होता. हजेरीच्या वहीत कागद होता. शिंपीण मानेभोवती टेप टाकून जणू तिचीच वाट बघत होती.

"बाई, आज उभ्याच राहा इथे. नऊ दिवस तुमच्याकडे बघून माझे हात शिवशिवतायत. हा गणवेश आमच्याच खोलीतून गेलाय. नाव आमचं जातं."

ती उभी राहिली. शिंपिणीने ओठांत टाचण्या धरल्या आणि काखेपासून कापड चिमटीत धरत खाली आली. टाचण्यांमधूनच बोलत होती. "आमची आई टेप लावत नाही. माणूस दारातून आत येईपर्यंत माप घेऊन मोकळी. मागच्या पत्रात लिहिलंय, दिसत नाही आता, पण सुई अजून मीच ओवते. कसली ओवते. शेजारची ओवून देत असणार आणि ही मिरवत असणार. हात वर. बाई, श्वास धरून ठेवू नका, माप चुकतं."

तिने श्वास सोडला. शेवटची टाचणी लागल्यावर वही उघडली, कागद टेबलावर ठेवला.

"इथे खाली एक सही करा."

"कशाची?"

"गणवेश दुरुस्तीची नोंद."

शिंपिणीने कागद उचलला, उलटा करून पाहिला. "वर काहीच नाही."

"मी लिहीन नंतर."

मशीन एकेक करून थांबली. मग कोपऱ्यातली एक फिसकन हसली आणि तिच्या मागून सगळ्याच हसल्या. शिंपीणही हसली, अगदी मायेने.

"बाई, मी कोऱ्या कागदावर सही केली म्हणून तर आपली ओळख झाली. आमचा दीर हेच म्हणाला होता. लिहीन नंतर, वहिनी. काय लिहिलं ते मला कोर्टात वाचून दाखवलं."

"माझ्यावर विश्वास ठेवा."

"हेही म्हणाला होता."

"तुमच्याच फायद्याचं आहे."

"मग तर नकोच." शिंपिणीने कागद तिच्या हातात परत दिला, वर तिच्या मनगटावर थोपटलं. "रागावू नका. मजकूर लिहून आणा. वाचते आणि लगेच करते. वाचता येतं मला."

मजकूर दोन ओळींचा होता. तो लिहायला पेनही हाताशी होतं. दाराशी मोठ्या बाई उभ्या होत्या, नुसत्या बघत होत्या. तिने भिंतीकडे पाहिलं. भिंत दगडी होती. तिने टेबलावरच्या कात्र्या पाहिल्या, शिंपिणीचं रुंद कपाळ पाहिलं. आणि घरात आवाजाकडे तिरका होणारा एक चेहराही तिला तिथे दिसला, त्याची तिला लाज वाटली. तिने कागद वहीत ठेवला आणि वही मिटली.

पावणेतीनला तिने कचेरीत पुन्हा एकदा विचारून घेतलं. भावाचा फोन लागला नव्हता. उपसाहेब सहीशिवाय ऐकून घेत नव्हते. तीन वाजले. गाडी भाजी आणायला गेली.

चार वाजता शिंपीण तिच्या सदऱ्याच्या कडेची शिवण मारत होती. सदरा अंगावर चढवून तिला गोल फिरवलं, खांदे झटकले. "आता माणसात आलात," ती म्हणाली. चार वाजून पाच मिनिटं झाली, दहा झाली, तरी ती शिंपिणीने फिरवली तशीच तिथे उभी होती.

साहेब साडेपाचला आले. शिंपिणीला घेऊन जायचं काम तिच्याकडेच आलं. साहेबांनी बातमी चांगल्या रीतीने दिली. आवाज हळू होता, पाण्याचा पेला आधीच भरून ठेवला होता, डॉक्टर कोपऱ्यात उभा होता. शिंपिणीने डोकं आपटलं नाही. पाणीही घेतलं नाही. तिने विचारलं, "नेलं का?"

"चार वाजता," साहेब म्हणाले. त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं. "अर्ज वेळेत हाती असता, तर पाठवलं असतं तुला."

परत येताना लांब बोळात शिंपीण थांबली.

"अर्जाला सही लागते?"

"लागते."

"खाली?"

तिचा हात सदऱ्याच्या नव्या शिवणीवर गेला.

"बाई, तो कागद कशाचा होता?"

खिडकीत अकरा वर्षांत तिने कुणाला चुकीची गाडी सांगितली नव्हती. आता खरं सांगायला काही आडकाठी नव्हती. नियम संपला होता, बातमी दिली गेली होती. समोरची बाई उत्तरासाठी तिच्या तोंडाकडे बघत होती.

"गणवेशाचा," ती म्हणाली.

"शपथ?"

"शपथ. मला आत्ताच कळलं. साहेबांबरोबर."

शिंपिणीने बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. माप घेताना पाहायची तसं.

"तुम्हाला खोटं बोलणं जमत नाही, बाई," ती म्हणाली. मग भिंतीला हात लावून चालू लागली. चार पावलांवर पुन्हा थांबली, वळली मात्र नाही. "मी उद्याही विचारीन. परवाही विचारीन. दरवेळी हेच सांगत जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी झाल्यावर, बारा मशीनच्या आवाजात, कापडावरची नजर न काढता शिंपिणीने विचारलं. तिने तेच सांगितलं. शिंपीण म्हणाली, "बरं," आणि दोरा दातांनी तोडला.