चार शब्द

आमच्या शहाद्याचे तारबाबू मजकूर वाचत नसत, मोजत. पेन्सिलीचं टोक एकेका शब्दावर टेकवायचं, ओठ हलवायचे आणि जास्तीचा वाटेल तो शब्द खोडायचा. माणूस लबाड नव्हता. शब्द कापण्याची मिजास होती, बस्स.

सारंगखेड्याच्या एका म्हातारीची तार मी लिहून दिली होती. बापाशी भांडून सुरतेला गेलेल्या लेकासाठी: 'वडील अत्यवस्थ. लगेच निघ. त्यांना राग नाही.' बाबूंनी शेवटचं वाक्य खोडलं.

"ऱ्हाऊ द्या ना भाऊ," म्हातारी म्हणाली, "त्यास्नी तेच तं सांगेल शे." नवऱ्याने सांगितलेला निरोप तेवढाच होता.

"राग-लोभ पत्रात लिहा. तारेत कामाचं तेवढंच."

अहो, किमान दरात ते तीन शब्दही बसत होते! एक पैसा जास्त पडणार नव्हता! आणि मी, शाळामास्तर, गप्प उभा राहिलो.

लेक आला तो थेट दहाव्याला. "माले वाटनं, बाप अजून रागमाच व्हई," एवढंच म्हणाला.

मी तणतणत पोस्टात गेलो, सगळं सांगितलं. बाबूंनी गठ्ठ्यातून तो फॉर्म काढला आणि पेन्सिल टेकवत पुन्हा मोजला.

"चारच आहेत," ते म्हणाले. "बरोबर आहे."