टेकडीवरची जेवणाची घंटा

टेकडीवर पळसाची पानं कितीही झाडा, संध्याकाळपर्यंत तंबूंच्या कडेला पुन्हा ढीग! आमच्या कॅम्पवरचे किस्सेही तसेच. गिरडजवळच्या या टेकडीवर उन्हाळाभर पाहुणे तंबूत राहायला येतात. मी पाणी भरतो, जेवण वाढतो. घरी गेलो की किस्सा बायकोला सांगतो आणि दरवेळी म्हणतो, "शेवंता, एक रात्र तू बी चाल ना." ती हसण्यावारी नेते.

*

हिंगणघाटचे एक शेठ आले, कापसाच्या जिनिंगवाले. उघड्यावर खाट टाकून झोपले आणि सकाळी म्हणाले, "बाबाजी, अशी झोप कित्येक वर्षांत लागली नाही!"

शेवंता म्हणाली, "आपल्या आंगनात खाट रिकामीच हाये. पाठवून द्या त्यायले!"

*

नागपूरच्या एका साहेबांनी गाडीच्या टपावर चक्क कूलर बांधून आणला. कॅम्प चालवणाऱ्या शालिनीताई म्हणाल्या, "इथे वारा असतो, गरज पडणार नाही."

"मॅडम, मे महिना आहे. रिस्क नको!"

दिवस मावळला, वारा सुटला. साहेब हळूच माझ्याकडे आले. "बाबाजी, एक ब्लँकेट एक्स्ट्रा भेटेल का?"

कूलरच्या टाकीत आम्ही टरबुजं गार केली.

*

आमच्याकडे सगळं शिस्तीत. झाडाला रुळाचा तुकडा टांगला आहे. ती घंटा झाली की पाहुण्यांनी पंगतीत बसायचं. एक जण जरी बाहेर असला तरी वाढणं सुरू होत नाही. ताईंचा नियम!

पुलगावहून आलेले एक रिटायर्ड साहेब या शिस्तीचं फार कौतुक करायचे. एका दुपारी घंटा झाली, पंगत बसली, आणि साहेबच नाहीत! ते तंबूत आरशासमोर मिशी कातरत होते. शेवटी एक चिमुरडी तंबूबाहेर जाऊन ओरडली, "आजोबा, मिशीले भात नाई लागत, आमाले लागते!"

हे ऐकून शेवंता हसली नाही. तिने विचारलं, "बाया बी त्याच पंगतीत?"

"हो."

"मंग वाढते कोन?"

"मी."

ती भाकरी थापत राहिली. आमच्या घरी आधी माझं जेवण होतं, मग उरलंसुरलं घेऊन ती बसते. तसंच चालत आलं आहे.

"चाल ना एक रात्र."

"अन् म्हशीले कोन पाह्यन?"

*

सीझन संपताना ताईंनी आम्हा कामवाल्यांच्या घरच्यांना मुक्कामाला बोलावलं. म्हैस पुतण्याकडे सोपवली, आणि शेवंता आली. नवं लुगडं नेसून.

घंटा झाली. सगळे बसले, शेवंता नाही! स्वयंपाकघरामागे भांडी घासत होती. "आधी पाव्हन्यायचं होऊ द्या. माह्यं मांगून."

ताई म्हणाल्या, "काकू, आज पाहुण्या तुम्ही. तुम्ही बसल्याशिवाय कोणालाच भात नाही."

पंगतीतून पोरं ओरडली, "आजी, या ना लवकर! भूक लागली!"

शेवंता पदर सावरत बसली. मी भाताचं पातेलं घेऊन समोर आलो. तिने ताटावर हात आडवा धरला. "बस, बस." मी आणखी वाढला. मान खाली घालून ती जेवली. भातातून वाफ निघत होती.

सकाळी टेकडी उतरताना ती माझ्या पुढे चालत होती. पायथ्याशी आल्यावर थांबली.

"अवो, आपल्या घरी बी एक घंटा टांगा."