रक्षाची नाव

सेवाग्रामच्या दवाखान्यात प्लास्टर घालणाऱ्या निकेश थूलच्या हातांना सुट्टीतही चैन नसे. रिमोटवर चालणारी शिडाची नाव त्याने घरीच घडवली. पण शर्यत लावणार कुणाशी? मग बायकोसाठी, रक्षासाठी, त्याच साच्यातून दुसरी काढली.

पवनारला धाम नदीवर दोघांची जुंपली. गप्प बसतील ते निकेशचे हात कसले! शीड ओढ, सैल सोड, सुकाणू वळव, सारखं चालूच. रक्षाने वारा पाहून एकदाच शीड लावलं. पुढे तिचा अंगठा हललाच नाही. ती सहज जिंकली.

निकेश लगेच स्क्रूड्रायव्हर घेऊन तिच्या नावेशी जाऊन बसला. “डोलकाठी जराशीक मांगं घेतो, मंग अजून पळते पाह्य.”

रक्षाने नाव उचलून कडेवर घेतली. “माह्या नावेले हात नोका लावू. तुमची तुमच्याच हातानं हरली.”