खांब सरळ आहे, ओव्हर

राहुरीच्या ज्या गल्लीत शांतवन भिंगारदिवे राहतात, तिथं पत्ता विचारला तर घराचा नंबर कुणी सांगत नाही. "त्या खांबाकडं बघत जा," म्हणतात. गच्चीवर बोअरवेलच्या पाइपांचा उंच खांब, त्याला तीन बाजूंनी तारेचे ताण आणि टोकाला तांब्याच्या नळीची उभी अँटेना. नवा माणूस हमखास विचारतो, मोबाईलचा टॉवर का? मग शांतवन चिडतात. टॉवर घरमालकाला भाडं देतो आणि हा खांब घरमालकाची पेन्शन खातो, हा फरक त्यांच्या बायकोनं, दयाबाईंनी, गल्लीला केव्हाच समजावून दिलेला आहे.

शांतवननी सगळी नोकरी मुळा धरणावर वायरलेस ऑपरेटर म्हणून केली. रोज सकाळी ठरलेल्या वेळी सगळ्या धरणांनी आपापलं पाणी सांगायचं, पाऊस सांगायचा, आणि ते लिहून घ्यायचं, असं काम. अकोल्याच्या डोंगरातून भंडारदऱ्याचं पाणी सांगायचे नूरमहंमद. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं ते एका ट्रेनिंगला आणि पुढं पोरांच्या लग्नांत. बाकी सारी दोस्ती आवाजाची. सरकारी सेटवर घरगुती बोलायला बंदी होती, पण "पाऊस लई हाय, ओव्हर" यातला "लई" कसा म्हटला त्यावरून शांतवनला नूरभाईंच्या घरची हवा कळायची.

नूरमहंमद आकड्याला सोन्यासारखं जपत. एकदा भर पावसात पातळी सांगून झाली, सगळ्यांनी सेट बंद केले, आणि पाठोपाठ हा गडी सगळ्यांना परत हाका मारायला लागला. "मगाशी सांगितलेली पातळी चूक हाय. मी काटा बाजूनं बघितला. आता समोरून बघून आलोय." फरक बोटभराचा. त्यासाठी माणूस पुन्हा भिजून आला होता. शांतवन ही गोष्ट घरी आलेल्या प्रत्येकाला सांगत. खुद्द नूरमहंमदांच्या पोराच्या लग्नात त्यांनी ती व्याह्यांना सांगितली होती.

रिटायर झाल्यावर सेट सुटले आणि सकाळ एकदम रिकामी झाली. फोन होते की! पण फोनवर दोघंही ठोकळ्यासारखे व्हायचे. "कसं काय?" "बरंय." "घरचे?" "बरेत." संपलं. रेडिओची गंमत वेगळी. बटण दाबून एक जण बोलतो तेव्हा दुसऱ्याला मध्ये तोंड घालताच येत नाही, "ओव्हर" येईपर्यंत गुमान ऐकावं लागतं. सबंध आयुष्यात आपलं असं कुणी ऐकतं का? शेवटी दोघांनी म्हातारपणी हौशी रेडिओची परीक्षा दिली, लायसन काढलं आणि सेट घेतले. नूरमहंमदांचं गाव डोंगराच्या खांद्यावर, पूर्वेला सगळं मोकळं, त्यामुळं खांब उंच असला की राहुरीपर्यंत आवाज सरळ येई. तेव्हापासून चहाच्या वेळेला गच्चीलगतच्या खोलीत दोन म्हाताऱ्यांची शाळा भरू लागली.

यंदाच्या ज्येष्ठात नूरभाई आठवडाभर सेटवर आलेच नाहीत; पाहुण्यांकडं गेलेत, असं त्यांच्या बायकोनं, खातूनभाभींनी, फोनवर सांगितलं. मग जोराचं वादळ झालं आणि दुसऱ्या दिवसापासून नूरभाईंचा आवाज आला तो पार बसलेला. नुसती खरखर आणि तिच्या तळाशी कुठंतरी माणूस. "पाऊस," "बरं," "ओव्हर" असे तुकडे हाती लागायचे.

"वादळात आपल्याच अँटेनेचं काही झालं असणार," शांतवन म्हणाले आणि कामाला लागले.

आधी त्यांनी टोकाचा जोड उघडला. आत पाणी शिरून तांबं हिरवं पडलं होतं. ते घासलं, नवा डाग दिला, वरून टेप आणि टेपवर एमसील थापलं. सोनईचा रंगनाथ, तोही रेडिओचाच नादिष्ट, लगेच म्हणाला, "शांतवनराव, आज आवाज खणखणीत!" नूरभाई मात्र तसेच खरखरीत. मग त्यांनी केबल बदलली. जुनी टीव्हीची बारीक होती, तिच्यातून निम्मी ताकद वर पोचायच्या आधीच मरते. जाड आणली. रंगनाथ म्हणाला, "शेजारी बसून बोलताय जणू!" नगरचे, पुण्याचे, ज्यांचा आवाज पूर्वी जेमतेम लागायचा तेही आता येऊन नमस्कार करू लागले. जिल्ह्यात शांतवनसारखा आवाज कुणाचा नाही, असं लोक हवेतच बोलू लागले. शांतवन सुखावले, नाही असं नाही. पण ज्याच्यासाठी हे चाललं होतं तो काही ऐकू येईना.

"नूरभाई, तुमच्याकडचं तपासा. तुमचा खांब सरळ आहे का? ओव्हर."

खरखरीतून उत्तर आलं, "खांब सरळ आहे. ओव्हर."

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर शांतवननी ते पडताळून घेतलं असतं. पण नूरमहंमदांनी सांगितलं म्हणजे काटा समोरून बघितलेला. प्रश्न मिटला. दोष राहुरीतच. फोन करावा तर खातूनभाभी उचलायच्या आणि "बाहेर गेलेत" म्हणायच्या. नेहमीच बाहेर.

"आता अजून एक पाइप जोडतो, खांब उंच करतो," शांतवननी जाहीर केलं.

दयाबाई शेंगा सोलत होत्या. "अहो, सगळ्या जगाला तुमी ऐकू येता, न्हाई येत त्ये एकट्या नूरभाईंना. मंग दुखणं हितं कसं? आग रामेश्वरी आन् बंब सोमेश्वरी."

"नूरभाई खोटं बोलतात म्हणायचंय का तुला?"

"म्या कुठं म्हनले? म्या म्हनले पाइप आनू नका."

पाइप आला. खरं तर शांतवनना पाइपाचीही आशा नव्हती. त्यांना भीती वाटत होती. रोज तो आवाज जरा जरा बुडतोय आणि एक दिवस खरखरच उरेल, ही भीती. ती बोलून दाखवण्यापेक्षा पाइप आणणं सोपं होतं.

फॅब्रिकेशनवाला कानिफनाथ दुकान उघडण्याआधी सकाळीच आला. ताण सोडून दोघांनी खांब हळूहळू खाली घेतला आणि गच्चीच्या दोन कठड्यांवर आडवा टेकवला. कानिफनाथ वेल्डिंगची केबल आणायला खाली गेला. खोलीत सेट चालूच राहिला होता, अँटेना जोडलेलीच होती, आणि बोलायची वेळ झाली होती.

"शांतवनभाऊ, नूरमहंमद बोलतोय. ऐकू येतंय का? ओव्हर."

एवढं स्वच्छ, की शांतवननी आधी जिन्याकडं पाहिलं.

आवाज स्वच्छ होता, पण शब्द स्वच्छ नव्हते. "शांतवन" मधला श घसरत होता. "र" जिभेला लागत नव्हता. वाक्याच्या शेवटी माणूस तोंडातली लाळ आवरायला थांबत होता. शांतवनना आत जाऊन बटण दाबायचं सुचलंच नाही. नूरमहंमदांनी पुन्हा हाक मारली, पुन्हा तसंच. मग त्यांनी, आपल्याला कुणी ऐकत नाही असं समजून, पुटपुटत सेट बंद केला. पाठोपाठ रंगनाथनं सोनईहून हाक दिली. तो मात्र आज पुसट, कालच्या नूरभाईंसारखा.

शांतवन तिथंच कठड्याला टेकून बसले. कानिफनाथ वर आला तेव्हा ते आडव्या खांबावर हात ठेवून होते.

"काय झालं, बाबा?"

"नूरभाईंचा खांब पडलाय," शांतवन म्हणाले. "आणि नूरभाई पण."

कानिफनाथला कळेना, तेव्हा त्यांनी समजावलं. उभ्या अँटेनेतून लहर उभी निघते आणि उभ्याच अँटेनेला नीट सापडते. एक उभी आणि एक आडवी असली की खाट आडवी धरून दारातून न्यायला गेल्यासारखं होतं, बहुतेक सगळं बाहेरच अडतं. इतके दिवस राहुरीचा खांब उभा होता आणि तिकडचा वादळात आडवा झालेला. आज हाही आडवा झाला म्हणून गाठ पडली.

"मंग ते सरळ हाय म्हनले त्ये?"

 शांतवनना राग आला, आणि तो घेऊनच ते दुसऱ्या दिवशी एसटीनं निघाले. दयाबाईंनी शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. संगमनेरला गाडी बदलली, अकोल्याहून जीप धरली. जीपमध्ये भाताच्या रोपांच्या मोळ्यांवर पाय ठेवून बसावं लागलं. वाटभर ते काय बोलायचं ते घोकत होते.

घर समोर आलं. खांब कौलांवर आडवा पडला होता, एका अंगाला वाकलेला. अंगणात नूरमहंमद खुर्चीत बसले होते, उजवा हात मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा. दारात खातूनभाभी. शांतवनना बघताच त्यांनी पदर तोंडाला लावला. "भाईजान, वादळाच्या आदल्याच हप्त्यात झटका आला. मी सांगणार हुते. कसम घातली ह्यांनी."

घोकलेलं सगळं शांतवन विसरले. रेडिओवर कायम तुम्ही म्हणणारा माणूस समोरासमोर एकदम तू वर आला. "खोटं बोललास! आयुष्यभर बोटभर पाण्याचं खोटं नाही बोललास आणि माझ्याशी?"

नूरमहंमद सावकाश, एकेक अक्षर उचलून बोलले. "खांब पडलाय म्हटलं असतं, तर तू म्हटला असतास, उभा कर. मंग सांगावं लागलं असतं, हात न्हाई चालत. आन् खरखर बरी वाटायला लागली रे. तिच्यात माझं बोबडं झाकायचं."

शांतवनना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही. मग नाक पुसून ते कौलांकडं बघू लागले. "चार माणसं बोलव. आज उभा करून जातो."

"हात न्हाई लावायचा!" एवढं मात्र शब्द न अडखळता आलं. "डॉक्टर म्हनतो, हात चालंल, जीभ बी वळंल, मेहनत घेतली तर. त्यो खांब मी उभा करनार. मी खाली उभा ऱ्हाऊन, ताण माझ्या हातात धरून."

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. नूरमहंमदांचं असं ऐकून घेणारा एकच माणूस होता आणि त्यानं ते ऐकलं. चहा झाला, चटणी दिली. निघताना शांतवन म्हणाले, "ठीक आहे. तू उभा करशील तोवर माझाही आडवा. पण रोज बोलायचं, आणि पूर्ण वाक्यं. लाजायचं नाही."

राहुरीला आल्यावर कानिफनाथनं विचारलं, पाइप कधी जोडायचा? शांतवन म्हणाले, राहू दे. आडवी दुसरी अँटेना करून पहिली उभीच ठेवता आली असती, हे न कळायला ते काही दूधखुळे नव्हते. नळीही शिल्लक होती. पण शब्द दिला होता. मग त्यांनी कठड्यांवर लाकडी ठोकळे ठेवून खांब पक्का बांधला. दयाबाईंनी पहिल्याच दिवशी त्यावर गोधड्या टाकल्या, त्या तेवढ्या त्यांनी अँटेनेपासून बाजूला सरकवायला लावल्या.

आता रोज सकाळी अकोल्याचा पाऊस येतो, सावकाश, पूर्ण वाक्यांत. "श" अजून घसरतो, "र" हळूहळू जागेवर येतोय. बाकी जिल्हा मात्र तुटला. नगरचे लोक दोन-चारदा हाका मारून गप्प झाले. पुण्याचे तर कधीच गेले. जिल्ह्यातला सगळ्यात खणखणीत आवाज कुणाचा, या प्रश्नाला आता दुसऱ्याच कुणाचं नाव घेतात. शांतवनना त्याचं वाईट वाटतं. वाटणारच.

परवा नूरभाईंशी बोलणं चालू असताना मध्येच सोनईचा रंगनाथ घुसला, खरखरीत बुडालेला. "शांतवनराव, तुमचा आवाज पार बसलाय हो! खांब-बिंब पडला का काय? ओव्हर."

शांतवननी खिडकीतून बाहेर पाहिलं. खांब कठड्यांवर लांबच लांब पडला होता. त्यांनी बटण दाबलं.

"खांब सरळ आहे," ते म्हणाले. "ओव्हर."

 मग खरखर तुटली आणि अकोल्याकडून, अगदी शेजारून यावं इतकं स्वच्छ हसू आलं. नूरमहंमदांनी फक्त हसण्यासाठी बटण दाबलं होतं.