आखाजीचा नवरा

आखाजी झाली तरी मी भावाचं धोतर सोडलं नाही, ही माझी चूक.

आमच्या गिरणाकाठच्या गावात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके खेळतात, आणि मुली गाणी म्हणत गौराईला पाण्यावर नेतात. त्या वरातीत एकीला पुरुषाचा वेश देतात. त्या वर्षी तो मान मला मिळाला, कारण अंग काठीसारखं आणि चाल बैलासारखी. महायुद्धामुळे कापड मिळत नव्हतं. भावाचं एकुलतं बरं धोतर मी भांडून घेतलं. मिशा तव्याच्या काजळीच्या.

शेजारची माझी मैत्रीण धुळ्याकडच्या सासरहून आली होती. तिचं लग्न झाल्यापासून मला एका जागी बसवत नव्हतं. भाकरी अर्धी थापून उठायची, विहिरीवर जायची, रिकामाच हंडा घेऊन परत यायची. आई म्हणायची, "हिला मुंग्या चावतात का?" काय चावतं ते मला कळत होतं, पण गावात त्या दुखण्याचा वैद्य नव्हता. आता तिची आई तिला मिरगापर्यंत, पाऊस लागेपर्यंत, ठेवून घेणार होती. सासऱ्याने फक्त हो म्हणायचं होतं.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी मी मिशा पुसायला निघाले, तर ती म्हणाली, "राहू दे वं. आजच्या दिवस तूच माझा नवरा."

झालं! भर दुपारी आम्ही निंबाच्या झोक्यावर समोरासमोर उभ्या, तिचे हात माझ्या हातांवर, झोका पार फांदीपर्यंत चढलेला. आणि तिचा सासरा बैलांची दमणी घेऊन दारात.

"हाऊ कोन शे?" तो गरजला.

गप्प राहायचं सोडून मी आवाज जाड केला, "रामराम, आबा!"

त्याने बैलांचा चाबूक उचलला. मी उडी टाकली, धोतरात पाय अडकला, टोपी एकीकडे, मी एकीकडे, वेणी पाठीवर. तो पोट धरून हसला. "पोर शे व्हय! ऱ्हावू द्या सूनले मिरगापर्यंत."

तिची आई मात्र हसली नाही. लेकीने धावत येऊन मला उठवलं होतं आणि माझा हात अजून सोडला नव्हता. आईने तो हात पाहिला, मग आमची तोंडं पाहिली.

"नको, आबा. आजच लई जा तिले."

दमणी निघाली तशी मी मागे धावले, सुटतं धोतर दोन्ही मुठींत धरून. तिने डोळे पुसले, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "बायको राखता येस नही, तं मिशा कशाले काढ्यात वं?"