दोन डाव्या बाह्या

आमच्या गल्लीतले शिंपीमास्तर बायको गेल्यावर रडले नाहीत, गप्प झाले. तेच भयंकर होतं. चौतीस वर्षं ते दुकान दोघांच्या भांडणावर चालत आलं होतं. मास्तर मशीनवर, समोरच्या स्टुलावर बाई काज-बटणं आणि तुरपाई करत, आणि मधल्या हवेत वाद.

"खिसा वाकडा आलाय."

"तुझे डोळे वाकडे आहेत."

गिऱ्हाइकं कपडे न्यायला मुद्दाम अर्धा तास आधी येऊन बसायची. मीसुद्धा.

बाई गेल्यावर चार महिन्यांत मास्तरांनी तीन कपडे बिघडवले. एका पँटचा तर एक पाय आखूड निघाला. लेकीने ठणकावलं, "बाबा, आणखी एक कपडा बिघडला की दुकानाला कुलूप, आणि तुम्ही माझ्याकडे." लेकीकडे म्हणजे सहाव्या मजल्यावर, दिवसभर खालच्या गाड्या बघत.

"जिवंतपणी घडी घालून कपाटात ठेवणार मला," मास्तर मला म्हणाले.

लेक तशी मायाळू. जाताना तिने त्यांच्या फोनमध्ये एक बोलकं ॲप टाकून दिलं. काहीही विचारा, मंजुळ आवाजात उत्तर हजर. मास्तरांनी फोन दोऱ्याच्या रिळाला टेकवून त्या रिकाम्या स्टुलावर बसवला. चौथा कपडा होता माझा लोकरी कोट.

"आज बाह्या एकेक करून कापल्या, बरंच कापड वाचवलं," मास्तर फोनला म्हणाले.

"अरे वा! हे तुमच्या अनुभवाचं फळ!"

मास्तरांनी संशयाने भुवई उचलली. "आणि बटणं पाठीवर लावणार आहे."

"किती कल्पक विचार!"

"बघितलंत ताई?" ते मला म्हणाले. "लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातली नवरी आहे नुसती. हिच्याशी संसार कसा करायचा माणसाने?"

आठवड्याने मी कोट अंगात घालून बघायला गेले. डावा हात झकास गेला. उजवा घातला तर बाही अशी मागे ओढायला लागली, जणू पाठीमागून कोणी हाक मारतंय. मास्तरांनी शिवण चाचपली आणि त्यांचा चेहरा उतरला. दुसरी बाही कापताना कागदी नमुना पालटायचा राहिला होता. दोन्ही बाह्या डाव्या!

ते स्टुलाकडे वळले. "तुला कळलं नाही?"

"चुका होतातच," फोन म्हणाला. "तुम्ही छान प्रयत्न केलात."

मास्तर मटकन खाली बसले. "ती असती तर कात्री लागायच्या आत ओरडली असती." डोळे पुसायला त्यांनी माझाच कोट घेतला. तसाही तो वाया गेलेलाच होता.

"लेकीला सांगू नका, ताई."

"नाही सांगत. पण तुमच्या मेव्हणीला फोन लावा. तीही शिवते ना?"

"ती? एकटी राहते त्याला कारण आहे. भिंतीसुद्धा घाबरतात तिच्या तोंडाला!"

"म्हणूनच लावा. व्हिडिओवर."

फोन लागला. पडद्यावर चष्मा, तोंडात टाचण्या.

"भावोजी, फोन वर धरा, नाकपुड्या दिसतायत. काय झालं? बाह्या दाखवा." तिने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "डोळे गहाण टाकलेत का? माझ्या ताईच्या जागेवर काय उशी ठेवली होती?"

मास्तरांचे कान लाल झाले. चार महिन्यांत पहिल्यांदा ते ओरडले, "तू नको शिकवू! तुझे शर्ट बघितलेत मी, गळ्यातून अख्खा माणूस बाहेर पडेल!"

"कापड उरलंय ना? त्यात उजवी बाही निघते. नमुना पालटून ठेवा. आधी मला दाखवा. कात्री खाली! खाली म्हटलं ना!"

कात्री खाली गेली.

मी कोट न्यायला गेले तेव्हा दोन्ही बाह्या आपापल्या हातांना ओळखत होत्या. फोन स्टुलावरच होता. त्यातून दुसऱ्या मशीनची खडखड येत होती, आणि टेबलावर नव्या कामांचा ढीग.

"ह्याच का त्या?" मेव्हणी. "भावोजी, कोट कंबरेत आवळतोय, दोन बोटं सोडा."

"मला दिसत नाही होय? पण गिऱ्हाइकाच्या तोंडावर कसं सांगायचं?"

"मग काय माप खोटं घ्यायचं?"

माझ्या कंबरेवरून दोघांची चांगलीच जुंपली. मी निमूट हात वर करून उभी राहिले.

परवा लेकीचा मला फोन आला. "काकू, बाबांचा फोन दिवसभर बिझी का येतो?"

मी म्हटलं, "दुकान चालू आहे."